मुखत्यारनाम्याची शेपटी

माणूस आपली छत्री उसनी देतो, घोंगडी देतो, अगदीच भिडेला पडला तर बैलही देतो. पण आपला 'मी' कुणाला वापरायला देता येतो का? येतो. त्यासाठी बीडला यावे लागे, कचेरीसमोरच्या चिंचेखाली माझ्यासमोर पाय दुमडून बसावे लागे आणि म्हणावे लागे, "लेखनिक, एक मुखत्यारनामा करून द्या." मग मी बोरू दौतीत बुडवी, मान तिरकी करी, एक डोळा बारीक करी (त्याची गरज नसे, पण गिऱ्हाइकाला बरे वाटे) आणि स्टांपाच्या कागदावर एका पाटलाचे दोन पाटील करून दाखवी. गारुड्याला हे जमत नाही. त्याने केलेले दोन घटकाभराने पुन्हा एक होतात. मी केलेले दोन्ही पाटील सरकार खरे मानी.

निजाम सरकारच्या अंमलात ज्यांनी पाऊल ठेवलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्याकडे कचेरीची भाषा उर्दू आणि कचेरीत येणाऱ्यांची मराठी. मुन्सफसाहेब हैदराबादेहून आलेले, पक्षकार नेकनूर-चौसाळ्याहून आलेला. दोघेही आपापल्या परीने शहाणे, पण एकमेकांचे एक अक्षर कळेल तर शपथ. या दोघांच्या मध्ये आम्ही सनदी अर्जनवीस चटया टाकून बसत असू. लोकांचे रडणे मराठीत ऐकायचे आणि उर्दूत लिहायचे, हा धंदा.

या धंद्यातला माझा सगळ्यांत आवडता शब्द मुखत्यार. माझे उस्ताद रहीममुनशी, जे माझ्याच शेजारच्या चटईवर बसत, ते म्हणत की मुखत्यार म्हणजे निवडलेला. आपल्या वतीने बोलायला, सही करायला, उभे राहायला आपण ज्याला निवडले तो. पुढे हा शब्द कागदावरून उतरून घराघरांत शिरला. सासू सुनेला म्हणते, "तू कोण मुखत्यार लागून गेलीस?" आणि बापाशी भांडून वेगळा राहिलेला मुलगा मिशीला पीळ देऊन सांगतो की मी आता खुदमुखत्यार आहे. शब्द एकच, पण देणाऱ्याच्या तोंडात तो विश्वासाचा असतो आणि घेणाऱ्याच्या तोंडात रुबाबाचा. माझा सगळा अनुभव या दोहोंमधल्या जागेतला आहे.

मुखत्यारनामे दोन तऱ्हेचे. एक खास, म्हणजे एकाच कामापुरता. शेजारणीला सांगावे की बाई, चुलीवर दूध आहे तेवढे बघ, तसा. दुसरा आम, म्हणजे सगळ्या कामांचा. घराच्या किल्ल्या काढून शेजारणीच्या पदराला बांधाव्यात, तसा. दोन्हींच्या शेवटी एक ठरलेले वाक्य येई. उर्दूत ते मोठे झोकदार आहे; मराठीत त्याचा अर्थ एवढाच की मुखत्यार जे काही करील-सवरील ते मी स्वतः केल्याप्रमाणे मला कबूल व मंजूर आहे.

हे वाक्य ऐकून धर्मापुरीकडचे एक देशमुख असे काही खूष झाले की त्यांनी मला परत वाचायला लावले. त्यांच्याबरोबर त्यांचा होणारा मुखत्यार होता, म्हातारा, काटकुळा कारभारी.

"म्हंजी यानं केलं ते मीच केलं?" देशमुखांनी विचारले.

"हो."

"मंग लिवा त्यात, एकादशीचा उपास बी हाच करंल. मला पित्त होतंय."

मी गंभीरपणे बोरू उचलला. कारभारी हात जोडून पुढे सरकला. "लिवा मालक, जरूर लिवा. फकस्त बारशीला मालक जेवले की माजं पोट भरंल का, तेवढं बी लिवा."

देशमुख हसले, रहीममुनशी हसले, वरच्या पायरीवरचा चपराशीसुद्धा हसला. उपासाचे कलम लिहायचे राहून गेले. पण कारभाऱ्याचा तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला हे चुकले. अधिकार देता येतो, पोट देता येत नाही. दुसऱ्याच्या वतीने सही करणाऱ्याला दुसऱ्याची भूक लागत नाही. हे मला पुढे एका बाईने शिकवले, आणि त्याची फी म्हणून माझी तीन महिने झोप घेतली.

आता माझी लबाडी सांगतो. लबाडी म्हणायचे की हुशारी हे तुम्ही ठरवा. मी तिला बरीच वर्षे हुशारी म्हणत होतो.

कचेरी भरायच्या वेळी चिंचेखाली गर्दी उडे. एक मुखत्यारनामा नीट लिहायला पाऊण घटका लागे आणि गिऱ्हाईक तेवढ्यात शेजारच्या चटईवर जाऊन बसे. म्हणून मी सकाळीच घरी बसून मुखत्यारनाम्याचे शेवटचे पान आधी लिहून ठेवी. नावे, गावे, कामाची हकीकत हे पहिल्या पानावर. ते समोर माणूस बसल्यावर लिहायचे. शेवटचे पान मात्र सर्वांचे सारखेच, तर ते आधीच का नको? मी त्याला शेपटी म्हणे. अशा दहा-बारा शेपट्या माझ्या पेटीत तयार असत, वळणदार अक्षरात, वाळू टाकून सुकवलेल्या. गिऱ्हाइकाने नाव सांगितले की धड लिहायचे, मागे शेपटी जोडायची, अंगठा घ्यायचा. चिंचेखाली माझ्याइतका झटपट मुखत्यारनामा कोणी करीत नसे. लोक मला 'मेलगाडी' म्हणत आणि मी ते अंगावर मोरपीस फिरवल्यासारखे ऐके.

खोट एवढीच होती की शेपट्या सगळ्या आम जातीच्या होत्या. त्यात दावा चालवणे, दावा मिटवणे, हक्क सोडणे, हक्क घेणे, सारे काही भरलेले होते. खास कामासाठी वेगळी शेपटी लिहायचा मला कंटाळा. आणि कायदा असा होता की लेखनिकाने सगळा कागद शब्दन् शब्द मराठीत वाचून दाखवायचा आणि खाली 'वाचून समजावून दिला' म्हणून स्वतःची सही करायची. मी पहिले पान ठसक्यात वाची, नाटकातल्या राजासारखे हात करून वाची. शेपटीशी आलो की कागद उलटत म्हणे, "बाकी रिवाजाप्रमाणे." आणि सही करी.

रहीममुनशींनी एकदा टोकले होते. "बेटा, रिवाज म्हंजे काय, त्या गरिबाला ठाऊक हाय का?"

"त्यांना कुठे ऐकायचं असतं, उस्ताद? त्यांची गाडी खोळंबलेली असते."

"गाडी त्यांची. घाई तुझी." एवढे बोलून ते आपल्या कागदात शिरले.

जर्मनीची लढाई संपून दोन-तीन वर्षे झाली असतील. नेकनूरच्या साळूबाई आपल्या भावाला घेऊन माझ्याकडे आल्या. बाई विधवा, चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, बोलणे कमी. नेकनूरच्या शिवारात त्यांची पेरूची बाग होती आणि बागेला पाणी सामाईक विहिरीचे. आठवड्यातले चार दिवस मोट दिराची, तीन दिवस यांची. नवरा गेल्यावर दिराने दावा लावला की विहीर पहिल्यापासून माझ्या एकट्याची. दाव्याच्या तारखा नेमक्या साळूबाईंच्या पाण्याच्या दिवशी येत. बाई बीडला आल्या की मोट बंद, आणि बाग तहानलेली. म्हणून भावाला मुखत्यार करायचे.

भाऊ तात्याबा बीडच्या बाजारात बैलांचा साज विकत असे. घुंगूरमाळा, कासरे, झुली. मोठा प्रेमळ गडी. बहिणीकडे बोट करून म्हणाला, "हिला सांगतोय कवाचा, तू कशाला हेलपाटे घालतीस? मी हाय न्हवं कचेरीपासून हाकेवर."

साळूबाई मला म्हणाल्या, "लेखनिकदादा, दादानं तारखेला हुबं ऱ्हायचं आन् मी सांगन तेवढं बोलायचं. येवढंच लिवा."

एवढेच! इतका स्पष्ट खास मुखत्यारनामा मला कोणी सांगितला नव्हता. मी धड लिहिले. पेटीतून शेपटी काढून जोडली. वाचून दाखवले. बाकी रिवाजाप्रमाणे. बाईंनी अंगठा उठवला, मी खाली सही ठोकली आणि पुढच्या माणसाला म्हटले, "बोला पाटील!"

चार महिने गेले. एका सोमवारी सकाळी मी चटई झटकत होतो, तर रहीममुनशी समोर न बघता म्हणाले, "नेकनूरच्या इहिरीचा सुलहनामा काल माझ्याकडून लिहून नेला. तुझ्या मुखत्यारानं."

सुलहनामा म्हणजे समेटाचा कागद. मी विचारले, "काय ठरलं?"

"बाई इहिरीवरचा हक्क सोडणार. दीर बदल्यात माळावरची जमीन देणार, तीन एकर, आन् गुरांना प्यायला पाणी. मी ईचारलं, बाईला माहीत हाय का? तात्याबा म्हणला, अख्त्यार हाय माझ्यापाशी, ठरवायचा हक्क हाय. मी तुझा कागद पाहिला. हाय, बाबा. सगळा अख्त्यार हाय." मग त्यांनी चष्मा काढला. "परवा बुधवारी मुन्सफसाहेबापुढं पेश होणार. एकदा मोहर बसली का मग..."

पाण्यावाचून पेरूची बाग किती उन्हाळे काढील हे सांगायला मुनशी कशाला लागतो?

मी चटई तशीच टाकून तात्याबाच्या दुकानी गेलो. तो घुंगरांना दोरा ओवत बसला होता. मला पाहून आनंदला. "या या! मिटवलं बगा सगळं. चार म्हयने झाले, तारखा काय सरत न्हाईत. दुकान बंद करून कितीदा जायाचं? आन् दीर-भावजयीचं वैर बरं का? तीन एकर जमीन भेटतीय तिला!"

"पाणी?"

"पाऊस पडतोय की वरून."

"साळूबाईंना सांगितलंत?"

"सांगीन की. तुमच्याच कागदात हाय न्हवं, मी केलं ते तिला कबूल हाय म्हणून?"

त्याच्या चेहऱ्यावर कपटाचा लवलेश नव्हता. तोच माझा सगळ्यांत मोठा घोळ. चोराला दम भरता येतो. भल्या माणसाला काय भरणार? मी घसा खाकरून सांगायला लागलो की तो कागद वास्तविक एकाच कामापुरता होता. तात्याबाने माझा कागदच पेटीतून काढून पुढे केला. "तुमची सही हाय. वाचून दावलं म्हणून लिवलंय तुमीच."

माझ्या आयुष्यात माझ्या अक्षराचे वळण मला इतके कुरूप कधी वाटले नव्हते.

आता माझ्यापुढे दोनच वाटा. गप्प बसावे, तर बाग जाईल आणि सनद राहील. बोलावे, तर मुन्सफ विचारणार की न वाचता 'वाचले' म्हणून सही केलीस कशी, आणि मग सनद जाईल. घरी चार तोंडे. मी बाजारातून कचेरीकडे आणि कचेरीकडून बाजाराकडे तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला पाय आपोआप टांगा अड्ड्याकडे वळले. मी शूर होतो असे समजू नका. मला एका जागी बसवतच नव्हते, एवढेच खरे.

टांगेवाला मांजरसुंब्याच्या घाटाच्या तोंडाशी थांबला. घोडे फेसाळले होते. "म्होरं घोडं जात न्हाई, साहेब. तुमाला जायाचं तर जावा." पुढची वाट मी पायी काढली. वाटेत दिसेल त्या गाडीला हात करी, गाडी थांबली की चार पावले बसे, बैल हळू वाटले की उतरून चालू लागे. नेकनूरला पोहोचेपर्यंत दिवस कलला. साळूबाईंच्या घरी कळले की बाई मळ्यात. आज त्यांचा पाण्याचा पहिला दिवस.

मळ्यात पोहोचलो तो मोट चालू होती. गडी बैल हाकत होता आणि साळूबाई पदर खोचून, गुडघाभर चिखलात दारे धरत होत्या. एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवायचे, दुसऱ्याचे खोऱ्याने फोडायचे. मला पाहून त्या थांबल्या नाहीत. "बसा लेखनिकदादा. हे दोन आळे भरू द्या."

मला बसवेना. मोट चालते त्या धावेवरून बैल उतरायला लागले की मीही त्यांच्याबरोबर उतरे, बैल मागे सरकले की मीही मागे. हाकणारा गडी शेवटी म्हणाला, "मालक, तुमाला बी जुंपू का?"

पाणी वळवून बाई आल्या. मी वाटेत घोकलेले भाषण सुरू केले. कायद्याची व्याप्ती, कागदाची रचना, धंद्यातली धांदल... बाईंनी खोरे जमिनीत रोवले.

"काय झालं ते सांगा."

मी सांगितले. पाच वाक्यांत सांगून झाले. माझे सारे वाक्चातुर्य त्या पाच वाक्यांपुढे चिखलात पडले.

बाईंनी फुटत चाललेले आळे पायाने दाबले. मग म्हणाल्या, "हे तुमी तवाच वाचून कावून न्हाई दावलं?"

मी धोतराला लागलेला चिखल झटकू लागलो.

"आता काय करायचं?"

"बुधवारी तुम्ही कचेरीत यायचं. मुन्सफसाहेबांना सांगायचं की भावानं हे माझ्या परवानगीवाचून केलं. मुखत्यारनामा रद्द. मी साक्ष देईन."

"म्हंजी दादाला भर कचेरीत चोर म्हणायचं?"

"चोर नव्हे, पण..."

"मंग काय म्हणत्यात त्याला?" त्यांनी खोरे उपसले. "माजं बाळंतपण त्याच्या घरी झालं. मालक गेले तवा तीन म्हयने हितं राहिलाय त्यो. इहिरीपायी त्याची अब्रू घालवू?"

"मग बाग?"

त्या परत वाफ्यात उतरल्या. अंधार पडेपर्यंत मी तीनदा हाक मारली, त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. त्या रात्री मी त्यांच्या सोप्यात पडलो होतो. कूस किती वेळा बदलली ते घोंगडीला विचारा. सकाळी बघतो तर दारात गाडी जुंपलेली आणि बाई आत बसलेल्या.

"येता ना?" मी हर्षाने ओरडलो.

"येतीय. पर काय बोलायचं ते माजं मी बगन. तुमी मधी बोलायचं न्हाई."

"आणि आजचं पाणी?"

"ग्येलं," त्या म्हणाल्या.

बुधवारी कचेरी भरली. मुन्सफसाहेब म्हणजे गोरे, हडकुळे, अत्तराचा फाया कानात ठेवणारे गृहस्थ. चपराशाने पुकारा केला, "नेकनूरचा इहिरीचा दावा! मुद्दई हाजिर? मुद्दालेह हाजिर?" दावा लावणारा म्हणून दीर उभा राहिला. तात्याबा उभा राहिला, "साळूबाईच्या वतीनं मी मुखत्यार हाजिर." सुलहनामा मेजावर गेला. साहेबांनी कलम उचलली.

"साळूबाई बी हाजिर हाय," दारातून आवाज आला.

कचेरीत बायका येत नसत असे नाही, पण मुखत्यार उभा असताना धनीण आलेली कोणी पाहिली नव्हती. तात्याबा वळला. त्याच्या हातातली टोपी खाली पडली.

साहेबांनी विचारले, "ये कौन खातून हैं?" साहेबांपुढे कागद ठेवणारा पेशकार गडबडला. मी पुढे झालो आणि सांगितले. साहेब मला म्हणाले, "पूछो, मुख्तार के होते हुए क्यों आई हैं?"

मी विचारले. बाईंनी हात जोडले. "साहेब, माज्या भावानं जे केलं ते माज्या भल्याचं म्हणून केलं. त्यात खोट न्हाई. पर भाऊ ऱ्हातो बाजारात. इहिरीचं पानी कवा आटतंय, कवा भरतंय, ते त्याला ठावं न्हाई. मला ठावं हाय. मी येत न्हवते म्हणून त्याला हुबा केला. आता मी आलेय. धनी आल्यावर मुखत्यार कशाला बोलंल?" मग त्या भावाकडे वळल्या आणि हलकेच म्हणाल्या, "दादा, तू बस आता."

मी ते उर्दूत केले. या वेळी फुलोरा करायचे सुचलेच नाही. जसे होते तसे सांगितले. साहेबांनी कलम खाली ठेवली. दिराचा वकील उठला: मुखत्यारनामा आम आहे, समेटाचा हक्क त्यात साफ लिहिलेला आहे, बाईंना वाचून दाखवल्याची लेखनिकाची सही आहे.

साहेब माझ्याकडे पाहू लागले. "सही तुम्हारी है?"

"जी."

"लफ्ज-ब-लफ्ज समझाया था?"

नाटकात असा प्रसंग आला असता तर मी दोन पावले पुढे टाकली असती, छातीवर हात ठेवला असता. तिथे मला फक्त घाम फुटला. "जी नहीं," मी म्हणालो. "आखरी सफा नहीं सुनाया था." आखरी सफा म्हणजे शेवटचे पान, तीच माझी शेपटी.

रहीममुनशी मागे कुठेतरी खोकले. साहेबांनी सुलहनामा परत केला, मुखत्यारनामा रद्द केला, दावा चालू ठेवला आणि माझी सनद तीन महिने तहकूब केली. हे सगळे इतक्या थंडपणे, की कानातला अत्तराचा फाया हललासुद्धा नाही.

आणि तात्याबा? बहिणीने 'बस' म्हटल्यावर तो बसला नाही. टोपी उचलली, झटकली, आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत बाहेर गेला. साळूबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. विहीर वाचली होती, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही.

ते तीन महिने मी रहीममुनशींच्या चटईच्या कडेला बसून बोरू तासत काढले. जुनी गिऱ्हाइके येत, माझ्याकडे बघत, आणि उस्तादांपुढे बसत. रहीममुनशी मला एकही शब्द लावून बोलले नाहीत. फक्त प्रत्येक कागदाचे शेवटचे पान ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. सनद परत मिळाल्यावर पेटीतल्या शेपट्या मी चुलीत घातल्या. तेव्हापासून माझा मुखत्यारनामा चिंचेखाली सगळ्यांत हळू होतो आणि माझी मेलगाडी लोकांनी कधीच बंद केली.

साळूबाई प्रत्येक तारखेला स्वतः येत राहिल्या. पाण्याचे दिवस बुडत, झाडे काही वाळली, काही तगली. पुढच्या पावसाळ्यानंतर निकाल लागला: विहीर सामाईक, पाळी पूर्वीप्रमाणे. मी आनंदाने टाळी वाजवली. "चला, मिटलं!"

"न्हाई मिटलं," त्या म्हणाल्या. "भाऊबीज झाली. दादा आला न्हाई."

टाळीचे हात मी खाली घेतले.

"तुमी जा त्याच्याकडं. माज्या वतीनं."

"मी? अहो, तो माझं तोंड पाहणार नाही."

"तुमीच लिवलं, तुमीच जायाचं. पर एकच सांगायचं, भयनीनं जेवायला बलावलंय. त्याउप्पर एक शबुद बोलायचा न्हाई. न्हाई तर तुमी गोष्टी सांगत बसाल."

पंचवीस वर्षे मी मुखत्यार केले, पण मला स्वतःला कोणी कधी मुखत्यार केले नव्हते. हा माझ्या नावचा पहिला मुखत्यारनामा, तोही तोंडी आणि तीन शब्दांचा. मी तात्याबाच्या दुकानी गेलो. त्याने मला पाहिले आणि झुलीची घडी उलगडून पुन्हा घातली.

"साळूबाईंनी तुम्हांला जेवायला बोलावलंय," मी म्हणालो आणि तोंड मिटले. ते मिटून ठेवणे म्हणजे उकळत्या भांड्यावर बसणे होते.

"तिनं पाठवलं का तुमी आपल्या मनानं आलात?"

मी मान हलवून नुसते बाहेर बोट दाखवले, नेकनूरच्या दिशेने.

"रागात हाय का?"

"ते सांगायचा मला अख्त्यार नाही."

"भर कचेरीत मला बस म्हणली. त्याचं काय वाटतंय का तिला?"

"मला अख्त्यार नाही."

"इहिरीचं काय झालं?"

निकाल माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी दात आवळले. "अख्त्यार नाही, तात्याबा."

"आवो, मग तुमाला अख्त्यार हाय तरी कशाचा?" तो उखडून उठला. "इतका बोलका मानूस, आन् आज मुका झालाय! म्या काय तिच्या दारात भीक मागायला जाऊ? तीच आली का हितवर? तिला पाय न्हाईत?"

मला सांगायचे होते की ती नेकनूरच्या वाटेवरच गाडी थांबवून बसली आहे. सांगायचे होते की भाऊबीजेचे ताट तिने तसेच झाकून ठेवले होते, हे तिच्या गड्याने मला सांगितले. सांगायचे होते की चूक माझी, त्याची नव्हे. मी घुंगूरमाळेच्या एकेका घुंगराकडे बघत उभा राहिलो.

माझ्या गप्प राहण्याने तो जास्तच चिडला. दुकानात दोन येरझारा घातल्या, एक कासरा उगाच खाली आपटला, मग माझ्या समोर येऊन उभा राहिला. आवाज एकदम उतरला होता.

"नुसतं जेवायला? बाकी काय म्हणली न्हाई?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्याने आपटलेला कासरा उचलून खुंटीला अडकवला. मग आत वळून बायकोला हाक मारली, "आगं, दुकान बग. साळीकडं जातोय." टोपी डोक्यावर घालता घालता दारात थबकला आणि माझ्यावर खेकसला, "आन् तुमी मागं येऊ नका."

मी गेलो नाही.